नोटांचा डबा : जमवायचं तर नेमकं काय जमवायचं?

प्रश्न : काकाजी, मी तिशीतला, नागपूरला मिहानमध्ये नोकरी करतो. आजोबा गेल्यावर त्यांच्या कपाटात एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात एक आणि दोन रुपयांच्या बऱ्याच नोटा, मागे शिडाचं जहाज असलेली दहाची एक आणि जॉर्ज राजाची पाचची एक नोट निघाली. यातूनच छंद सुरू करावा असं मनात आहे. महिन्याला दीड-दोन हजार बाजूला काढू शकतो. पण घ्यायचं काय? ब्रिटिशांच्या वेळच्या, संस्थानांच्या की स्वतंत्र भारताच्या? आणि पुढे भाव येईल अशा कोणत्या?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी मिटवून टाकू. भाव येईल म्हणून नोटा घ्यायच्या असतील तर ते दीड हजार पोस्टाच्या आवर्ती खात्यात भरा, झोप तरी शांत लागेल. घेताना दुकानदाराचा भाव, विकताना पण दुकानदाराचाच भाव, असा हा धंदा आहे. मधला फरक तुमच्या खिशातून जातो. ज्यांनी खरंच पैसा केला त्यांनी आधी वीस-वीस वर्षं नोटा पाहिल्या, चाळल्या, मग घेतल्या.

माझी नोकरी इतवारीतल्या एका बँकेत कॅशमागे झाली. धान्यवाले, किराणावाले, मिरचीवाले थैल्या घेऊन यायचे आणि बोटं दिवसभर नोटांतून फिरायची. त्यामुळे मला कुणी ‘काय जमवू’ विचारलं की मी उलट विचारतो, जिथे शेवट दिसतो असं तुमच्या ऐपतीत काय आहे? ‘ब्रिटिश भारताच्या नोटा’ म्हटलं की शेवट नाही. ‘रिझर्व्ह बँकेचे सगळे गव्हर्नर, सगळ्या किमतीच्या नोटा’ म्हटलं की खिसा फाटतो. सुरुवातीची सीमा आखूडच हवी.

तुमच्यासाठी माझं उत्तर सरळ आहे. एक रुपयाची नोट धरा, १९४९ ते १९९४.

आता डब्यातली एकची एक आणि दोनची एक नोट काढून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. दोनच्या नोटेवर वर ‘भारतीय रिझर्व बैंक’ आहे, धारकाला रक्कम देण्याचं वचन आहे, खाली गव्हर्नरची सही आहे. एकच्या नोटेवर वर ‘भारत सरकार’ आहे, वचन नाही आणि सही अर्थखात्याच्या सचिवाची आहे. १९४० मध्ये लढाईपायी चांदीचा रुपया मिळेनासा झाला तेव्हा सरकारने एकची नोट पुन्हा काढली आणि तिला नाण्याचाच दर्जा दिला. जी स्वतःच रुपया आहे ती कुणाला रुपया देण्याचं वचन कशाला देईल? आता भिंग घ्या. बहुतेक एकच्या नोटांवर साल छापलेलं दिसेल, आणि आकड्यांच्या चौकटीत एखादं बारीक इंग्रजी अक्षर. त्याला आम्ही इन्सेट म्हणतो. साल, सही आणि इन्सेट, एवढ्यावर पुढची चारपाच वर्षं मजेत जातात.

यातही मला आवडणारा एक पोटविभाग आहे. ज्यांनी सचिव असताना एकच्या नोटेवर सही केली आणि पुढे गव्हर्नर होऊन मोठ्या नोटांवरही केली, अशांच्या जोड्या लावायच्या. एल. के. झा, एस. जगन्नाथन, आय. जी. पटेल, मनमोहन सिंग, आर. एन. मल्होत्रा, एस. वेंकटरमणन, बिमल जालान. एका पानावर त्या माणसाची एकची नोट, समोरच्या पानावर त्याचीच दहाची किंवा वीसची. मनमोहन सिंगांच्या नोटांना हल्ली मागणी जास्त आहे म्हणून दुकानदार भाव चढवून सांगतात. पण त्या छापल्या भरपूर आहेत. घाई करू नका. आंबेगावकरांची गंमत तर निराळीच. के. जी. आंबेगावकर १९५७ मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, रिझर्व्ह बँकेच्या एकाही नोटेवर त्यांची सही नाही, पण त्याआधीच्या एकच्या नोटेवर आहे. ती जोडी कधीच पुरी होणार नाही, तिथे समोरचं पान कोरंच ठेवायचं.

आणखी एक कारण आहे. एकची नोट विदर्भातल्या घरांत कोरी सापडते. आमच्याकडे लग्नसराईत आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी लोक काउंटरवर रांग लावून ‘साहेब, एकची नवी गड्डी द्या ना जी’ म्हणायचे. आहेरात वरचा एक रुपया आणि लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांना बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, दोन्हीकडे करकरीत नोट लागे. उरलेल्या नोटा देवघराच्या फळीवर नाहीतर डब्यात जात. तुमच्या आजोबांच्या डब्यातल्या एकच्या नोटांचे नंबर ओळीने आहेत का बघा. असतील तर त्या गड्डीतून निघालेल्या आहेत. त्यांची ताटातूट करू नका.

पाचच्या जॉर्ज राजाकडे वळू. सही वाचा. जे. बी. टेलर असेल किंवा सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँक १९३५ ला सुरू झाली, पण तिची स्वतःची पहिली नोट, हीच पाचची, जानेवारी १९३८ मध्ये आली. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ तोवर गेलेही होते, त्यांची सही कुठल्याच नोटेवर नाही. टेलर दुसरे. ते फेब्रुवारी १९४३ मध्ये पदावर असतानाच वारले आणि दोनची नवी नोट मार्चमध्ये बाहेर पडली. तिच्यातल्या पहिल्या नोटांवर सही टेलरचीच होती, म्हणजे सही करणारा माणूस नोट लोकांच्या हातात पडायच्या आधीच गेलेला. चिंतामणराव देशमुख हे पहिले भारतीय गव्हर्नर. गाव कोकणातलं, पण आयसीएस होऊन आले ते आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, आणि इथल्या सचिवालयात त्यांनी अर्थखातं पाहिलं. नागपूरकराने देशमुखांची एक नोट तरी ठेवावी असं मला वाटतं. वापरलेल्या स्थितीतली दोनची किंवा पाचची तुमच्या महिन्याच्या पैशात बसेल.

आणि १९६९ ची गांधी शताब्दीची नोट. मागच्या बाजूला गांधीजी बसलेत आणि त्यांच्यामागे सेवाग्रामचा आश्रम आहे. इथून वर्ध्याला जाऊन आलेल्या माणसाला ते छप्पर लगेच ओळखू येतं. दोन, पाच, दहा आणि शंभर अशा चार निघाल्या, शिवाय सरकारची एकची वेगळी. दोन आणि दहाच्या सहज मिळतात. बहुतेकींवर झांची सही असते. काहींवर बी. एन. आडारकरांची आहे; ते १९७० मध्ये दीड महिनाही गव्हर्नर नव्हते, त्यामुळे ती सही दिसली की हात जरा आखडता घ्या आणि नोट नीट तपासा. अमिताव घोष त्याहून कमी, १९८५ मध्ये वीसेक दिवस. त्यांची सही फक्त दहाच्या नोटेवर आहे.

ब्रिटिशांच्या जुन्या नोटा सध्या पाहायच्या, घ्यायच्या नाहीत. पंचम जॉर्जची एकची नोट ३० नोव्हेंबर १९१७ ची, तिच्यामागोमाग आलेली अडीच रुपयांची, म्हणजे ‘दोन रुपये आठ आणे’ लिहिलेली, फार देखणी. छपाईचा खर्च परवडेना म्हणून १९२६ मध्ये दोन्ही बंद केल्या. अडीचची धड नोट तुमच्या वर्षाच्या पैशात येणार नाही आणि फाटकी, चिकटवलेली घेऊन नंतर पस्तावाल. संस्थानांचं सांगतो. हैदराबादच्या नोटा मला फार आवडतात, त्यांवर उर्दूबरोबर तेलुगू, कन्नड आणि आपल्या मराठीतही रक्कम आहे. १९२२ साली ‘इजिप्त’ नावाचं जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडालं, त्यावर विलायतेत छापलेल्या हैदराबादच्या सही न झालेल्या नोटा होत्या. पाण्यातून काढलेल्या त्या नोटा अजून लिलावात येतात. पण काठेवाड-राजस्थानच्या संस्थानांनी दुसऱ्या महायुद्धात सुट्ट्यांच्या टंचाईपायी जी पुठ्ठ्याची छोटी कूपनं काढली, त्यांच्या वाटेला तूर्त जाऊ नका. साधी छपाई, जाड कागद, त्यामुळे नकला ढिगाने आहेत.

विकत घेताना एक अट पाळा. पाच मळक्या नोटांऐवजी एक स्वच्छ. दुकानात नोट डोळ्यांसमोर आडवी धरा, उजेड बाजूने येऊ द्या. घडी असेल तर रेघ उठून दिसते. इस्त्री मारलेली नोट सपाट असते पण कागद मेलेला असतो, बोटाने टिचकी मारली की आवाज येत नाही. नंबर उमटला त्या जागी मागून हलका उठाव लागतो. दाबून धुतलेल्या नोटेत तो बसून जातो. खिशात छोटा अतिनील दिवा ठेवा, दीडदोनशेत मिळतो. नोटेचा कागद कापसाच्या चिंध्यांचा, तो त्या उजेडात मंदच दिसतो. कुठे निळसर पांढरा ठिपका चमकला तर तिथे नवा कागद लावून भोक बुजवलंय. मात्र टाचणीची भोकं दिसली म्हणून नोट नाकारू नका. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बंद करायला लावेपर्यंत आम्ही सगळे गड्ड्यांना पिना ठोकत होतो. माझ्याच हातची भोकं असलेल्या कितीतरी नोटा आज कुणाच्या अल्बममध्ये असतील.

दुकानदार ‘यूएनसी आहे’, म्हणजे अजिबात न वापरलेली आहे, म्हणाला तरी घडी तुम्ही स्वतः शोधा. ते इंग्रजी शेरे ज्याचे त्याचे असतात.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना मोबाईलवर मेसेज आला की ट्रॅक्टरवाली पाचची नोट आणि ७८६ नंबर असेल तर लाखो रुपये मिळतात. आमच्याकडे दोन्ही आहे. समोरचा माणूस रिझर्व्ह बँकेचं पत्र दाखवतो, फक्त आधी नोंदणीचे आणि जीएसटीचे पैसे भरा म्हणतो. भरू का?
— गृहिणी, महाल

उत्तर : ताई, एक पैसा भरू नका. मिस्टरांच्या मोबाईलवरचा तो नंबर ब्लॉक करा आणि पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नसते, कमिशन घेत नाही, आणि असे पैसे उकळायला कुणाला नेमतही नाही. तिने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना तसं जाहीर कळवलं आहे. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा खरेदीदार असतो का कुठे? आपण बर्डीवर साडी घ्यायला गेलो तर दुकानदाराकडून पैसे घेतो का?

ट्रॅक्टरची पाचची नोट अजूनही चलनात आहे, ढिगाने आहे. तिची किंमत पाच रुपये. करकरीत असेल तर हौशी माणूस थोडे जास्त देईल. ७८६ ला काही जण जास्त पैसे देतात हे खरं, श्रद्धेचा भाग आहे. पण लाख नाही, हजारही क्वचित. ती नोट तुम्हाला शुभ वाटत असेल तर पाकिटात ठेवा.

प्रश्न : मी कामठीला शाळेत इतिहास शिकवते. एके ठिकाणी वाचलं की एकेकाळी ‘नागपूरच्या’ नोटा होत्या. म्हणजे इथे छापल्या जात? अशी एखादी मिळेल का?
— शिक्षिका, कामठी

उत्तर : इथे छापल्या जात नव्हत्या, इथून दिल्या जात. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क खासगी बँकांकडून सरकारने आपल्याकडे घेतला. त्याच १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. चलनासाठी देशाची मंडळं, म्हणजे सर्कल, पाडली. कलकत्ता, मुंबई, मद्रास ही मोठी, आणि त्यांच्या हाताखाली अलाहाबाद, लाहोर, कराची, कालिकत, तसंच नागपूर आणि अकोला. हो, अकोलाही. तिथली कापसाची बाजारपेठ आठवा म्हणजे कोडं सुटेल. नोट विलायतेहून छापून यायची, व्हिक्टोरिया राणीचं छोटं चित्र, छपाई एकाच बाजूला, मागची बाजू कोरी. तिच्यावर मंडळाचं नाव असे. आपलं ‘नागपोर’ असं इंग्रजीत लिहिलेलं.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्या मंडळाची नोट, त्याच मंडळात तिचे रोख रुपये मिळण्याचा हक्क. नागपूरची नोट घेऊन कलकत्त्याला गेलात तर तिथलं कार्यालय रुपये द्यायला बांधील नव्हतं. मग व्यापारी वटाव कापून ती घेणार. दहा रुपयेही तेव्हा मोठी रक्कम, त्यामुळे साधा माणूस या कागदाला हात लावत नसे, त्याला चांदीच हवी. ही अडचण १९०३ ते १९११ च्या दरम्यान सुटली, तेव्हा ५, १०, ५० आणि शेवटी १०० च्या नोटा देशभर चालू लागल्या. मुलांना एकाच तासात कायदा, कापूस आणि रेल्वे शिकवायची असेल तर ही नोट घ्या. रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली, आणि त्याच साली राणीच्या चित्राच्या नोटा नकलांमुळे मागे घेऊन नवी नक्षीची मालिका आणली.

या नोटांचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे अर्धुकं. टपालात चोरी होऊ नये म्हणून व्यापारी नोट मधोमध कापून एक अर्धं आज पाठवायचा, पोचल्याचं पत्र आलं की दुसरं. पलीकडचा माणूस दोन्ही तुकडे चिकटवून कचेरीत द्यायचा. म्हणून त्या काळच्या नोटा मधोमध जोडलेल्या किंवा नुसत्या अर्ध्या मिळतात.

मिळेल का, तर नाही, आपल्यासारख्यांना नाही. राणीच्या चित्राच्या नोटा जगातच मोजक्या उरल्यात आणि लहान मंडळांच्या त्याहून मोजक्या. मुलांची सहल मुंबईला गेली तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय दाखवा. कुणी इतवारीत किंवा ऑनलाइन ‘नागपूर सर्कलची नोट आहे, पन्नास हजारात देतो’ म्हणाला तर चहा प्या, आभार माना आणि उठा. आणखी एक ध्यानात असू द्या, शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे परदेशातल्या भाच्याला भेट वगैरे मनसुबे नकोत.

प्रश्न : माझ्याकडे शंभरेक नोटा आहेत. दोन उन्हाळ्यांत काहींवर पिवळे डाग आले, प्लॅस्टिकची पाकिटं चिकट झाली. लक्ष्मीपूजनात ठेवलेल्या काहींवर कुंकू आहे. लॅमिनेट करून घेऊ का?
— सेवानिवृत्त, मानेवाडा

उत्तर : लॅमिनेशनचं नाव काढू नका. तापलेला गोंद कागदात शिरला की नोट आणि प्लॅस्टिक एक होतं, मग ती नोट कुणी घेत नाही, तुम्हालाही परत काढता येत नाही.

चिकटपणा पाकिटांमुळे आहे. बाजारात स्वस्त मिळणारी मऊ, वासाची पाकिटं पीव्हीसीची असतात. आपल्या मे महिन्यात त्यांतलं तेल सुटतं आणि नोटेत मुरतं. सगळ्या नोटा आजच बाहेर काढा. पॉलिएस्टरची, ज्याला माइलर म्हणतात, ती कडक, बिनवासाची पाकिटं आणा. महाग पडतात, म्हणून आधी चांगल्या नोटांना द्या, बाकीच्या तोवर साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा.

पण माझा संशय कूलरवर आहे. अल्बम कुठे ठेवता? कूलर जिथे वाहतो त्या खोलीतल्या कपाटात असेल तर सगळं समजलं. बाहेर पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा, आत वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांतून आलेली ओली हवा. दिवसभर कूलर चालू, रात्री लाइट गेली की बंद, म्हणजे कागद रोज फुगतो आणि आकसतो. नागपुरात नोटांना पावसाळ्याइतकाच हा उन्हाळा वाईट. अल्बम आतल्या खोलीत हलवा. बाहेरच्या, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या ओलसर झाल्या की तव्यावर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात. पावसाळा संपला की अल्बम सावलीत उघडा करून पानं चाळा, कसर लागली असेल तर तेव्हाच कळेल. डांबराच्या गोळ्या नोटांना टेकवू नका.

कुंकू तसंच राहू द्या. ओल्या बोळ्याने पुसाल तर लाल रंग पसरेल आणि नोटेचा रंगही उठेल. कोरडी भुकटी असेल तर रंगकामाच्या मऊ ब्रशने झटका, बाकी डाग ठेवा. अशा नोटा मी वेगळ्या पानावर लावतो. कुणी पूजेला ठेवलेली नोट आहे हे त्या पानाकडे बघताच कळतं.

प्रश्न : सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या घडीत २०१६ च्या आधीच्या पाचशे-हजाराच्या आठ नोटा निघाल्या. घरी ठेवणं गुन्हा आहे म्हणतात. संग्रहात लावल्या तर चालेल?
— वाचक, सक्करदरा

उत्तर : आठ चालतील. २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्या बंद नोटा, पाचशे-हजार मिळून, दहापर्यंत ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणे-नोटांच्या संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याहून जास्त सापडल्या तर दंड दहा हजार किंवा त्या नोटांच्या रकमेच्या पाचपट, जो जास्त असेल तो. बदलून देतो म्हणणाऱ्या कुणाच्या नादी लागू नका, ते दार केव्हाच बंद झालंय. लावताना सह्या बघा. हजारची नोट २००० मध्ये पुन्हा आली, तेव्हा बिमल जालान गव्हर्नर होते. आठांत त्यांची सही एखादीवर निघते का बघा. पाचशेचीही बघा, तिच्यावर सी. रंगराजन सापडले तर तीच आधी पाकिटात घाला.